विजेचा बंब आणि बोळातली करणी

भवानी पेठेतल्या रुद्राणीच्या न्हाणीघरात विजेचा बंब बसणार, हे शेजारच्या बजाबाईंना कळलं आणि त्यांच्या घशाखाली भाकरी उतरेना. पेठेत पहिला विजेचा दिवा बजाबाईंचा, पहिला तबकड्या वाजवणारा फोनोही त्यांचाच. आता ही कालची पोर बटण दाबून कढत पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी राहणार आणि आपण चुलीत फुंकर मारत बसणार! बजाबाईंनी भिंतीला कान लावला.

पलीकडे इसूफ मिस्त्री सांगत होता, "जुनं घर हाय, भाभी. दिव्याच्या तारंवर बंब चालवला तर तार जळंल. जाड तार न्यारी ओढतो."

दुपारी मात्र खिडकीतून भलतंच दिसलं. दोन घरांमधल्या बोळात, अगदी बजाबाईंच्या भिंतीलगत, इसूफनं खड्डा खणला. त्यात तार जोडलेला तांब्याचा पत्रा, वर कोळसा, वर मीठ! रुद्राणीनं त्यावर घागरभर पाणी ओतलं.

"करणी!" बजाबाईंनी छाती बडवली. "माझा दिवा विझवाया निघाली भवानी!"

पेठ वामकुक्षीला लवंडताच त्यांनी खड्डा उकरला, अडकित्ता दोन्ही हातांनी दाबून तार तोडली आणि पत्रा पदराखाली घेऊन थेट सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकून आल्या. तेव्हा कुठं त्यांचा जीव थंड झाला.

परतल्या तर उंबऱ्यात रुद्राणी उभी. "अक्का, कुटं गेला हुता? चला की. पयली अंगूळ तुमीच करायची."

"मी?"

"मग? पेठेत तुमच्यावानी मानाचं कोण हाय?"

बजाबाई विरघळल्या. मिरवतच न्हाणीघरात शिरल्या. इसूफ हात पुशीत म्हणाला, "बिनघोर न्हावा, मौसी. काय बिघडलंच तर वीज बोळातल्या पत्र्यातनं जमिनीत जाती. पत्रा नसता, तर नळाला हात लावला की माणूस खलास!"

बजाबाईंचा नळाकडे गेलेला हात झटकन मागे आला.

"मला न्हाय करायची अंगूळ."

"बरं, मग मीच करते," म्हणत रुद्राणी पुढे झाली. बजाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुणीबी करायची न्हाय!"

"अक्का, इतकं जळता व्हय माझ्यावर?"

"व्हय, जळतीया!" बजाबाईंना रडूच फुटलं. "जळूनच तो पत्रा तळ्यात टाकला गं. मला वाटलं, करणी केलीस."

रुद्राणी मटकन खाली बसली. "मी करणी करीन? अवो, तुमचा फोनो वाजला की मी हिकडं जळून कोळसा व्हायची. म्हणून तर मालकांच्या मागं लागून बंब आणला!"

इसूफ कपाळावर हात मारून नवा पत्रा आणायला निघाला. बजाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, रुद्राणीला खेटून बसल्या आणि हळूच विचारलं, "खरंच जळतीस व्हय गं? कवापासनं?"