पाहुण्याला पाय नव्हते

"देवलात जाताना पन येवरे पाय नाय धुवले कधी मी. बघ, वांग्यावानी झालं," दगडूमामा पुटपुटले ते नेमकं सुनेच्या कानाशी.

शकूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आता दुसरा पाय, मामा. अर्धं मिनिट."

ठाण्याच्या बाळकुममध्ये टॉवरांच्या मागे उरलेल्या तुकड्यावर शकूच्या माशांच्या चार टाक्या होत्या. गेल्या वर्षी कळव्याच्या भावाचं जाळं उसनं आणलं काय, आणि आठ दिवसांत अंगावर लाल चट्टे येऊन सगळे मासे उताणे तरंगले काय! तेव्हापासून दाराशी पाय बुडवायला जंतुनाशक लाल दवेची परात, प्रत्येक टाकीला वेगळं जाळं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद. ही खेपही गेली तर टाक्या भंगारात, असं तिनेच घरात सांगून टाकलं होतं. सासरे दगडूमामा याला माशांचं सोवळं म्हणत.

त्या सकाळी तिसऱ्या टाकीतली रोहूची पिल्लं एका कडेला दाटीवाटीने उभी होती, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी. शकूने वाकून पाहिलं. तळाशी हातभर लांबीचा, सापासारख्या डोक्याचा मरळ निवांत पडला होता.

"मामा!"

"मी नाय!"

"मी अजून काही विचारलंच नाही."

"या घरान न विचारताच माजं नाव येतं."

"मग तुमचं जाळं ओलं कसं?"

"भेंडीवर टाकलंय गो, पोपट बसतान म्हनून. सकाली पानी घातलं भेंडीला, त्यालाबी मिललं."

पण मामा आत आले, वाकले, आणि त्यांचा चेहराच बदलला. "ह्यो हितला नाय. असा काला मरल आपल्या..." बोलता बोलता त्यांनी तळ्याच्या दिशेला पाहिलं. गेले आठ दिवस गावातलं घराण्याचं जुनं तळं बुजवायला मुरुमाचे डंपर जात होते. डंपर गेला की घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं.

शकूने वही उघडली. शेवटची नोंद सुवाच्य अक्षरात होती. नाव : मरळ. कुठून : गावातून. पाय धुतले का : पाय नाहीत, अख्खा बुडवला. येण्याचं कारण : कोरं.

"अहो!"

घोडबंदरच्या ऑफिसला निघालेला तिचा नवरा महेंद्र डबा छातीशी धरून दारात उभा राहिला. "नियमात बसवूनच आणला गं. बादलीसुद्धा वेगळी घेतली."

"आणि ही पिल्लं? त्याचा नाश्ता?"

"ते ध्यानात नाही आलं." तो चाचरला. "काल जाताना बघितलं तर चिखलात शेपूट हलत होती. डंपर रिव्हर्स येत होता. मी आडवा उभा राहिलो. शकू, मी पोहायला शिकलो तेव्हा याच्या आज्याने माझा अंगठा चावलेला. तसाच कसा सोडू?"

शकूला हसू फुटलं, आणि त्याचाच तिला राग आला. मग तिने भराभर हुकूम सोडले. मरळ निळ्या पिंपात, एकवीस दिवस वेगळा. तिसऱ्या टाकीचं पाणी, जाळं, मासा, काही म्हणता काही दुसरीकडे जायचं नाही. हात साबणाने. मामांनी तर न सांगता परातीत दोन्ही पाय एकदमच घातले.

पिंपात मरळ वर आला, एक घोट हवा घेऊन पुन्हा खाली गेला. शकू नवी नवरी होती तेव्हा सासूने असाच एक मरळ रांधला होता. "डोकं सूनबाईला," म्हणून सगळ्यांच्या आधी तिच्या ताटात वाढलं होतं. त्या कालवणाचा वास शकूला इतक्या वर्षांनी तिथे, टाक्यांच्या शेवाळी वासातून आला.

मामा पिंपाशी उकिडवे बसले. "एकवीस दिसांनी याला सोरशील कुठं गो?"

महेंद्र घातलेल्या बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

"कुठंच नाही, मामा," शकू म्हणाली. "तळं आपण विकलं."