कर्णिककाका आणि बाकीचे प्राणी

आमच्या चाळीचा जिना कुणालाही फुकट चढता येत नाही. पहिल्या मजल्यावर कर्णिककाका दारात खुर्ची टाकून, पाय लांब करून बसलेले असतात आणि येणाऱ्याला विचारतात, "अ‍ॅज बिझी अ‍ॅज अ…?" उत्तर 'बी', म्हणजे मधमाशी. ते दिलं की पाय बाजूला होतात, नाही दिलं तर होत नाहीत. अख्ख्या गिरगावात जिन्यावर टोलनाका असलेली चाळ आमचीच.

कुरिअरवाला, मीटर बघणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे इथे अडकलेले मी पाहिलेत. गॅसवाला तर खांद्यावर सिलिंडर घेऊन खालूनच ओरडत येतो, "मधमाशी, कोल्हा, मोर, सब आता है काका, पाय घ्या." काका पाय घेत नाहीत. शांतपणे म्हणतात, "इंग्रजीत." तो बिचारा धापा टाकत "बी, फॉक्स, पीकॉक" म्हणतो, तेव्हा कुठे आमच्या घरी चहाला आधण ठेवता येतं.

मी वैशाली, त्यांच्या समोरच्या खोलीतली. जन्म याच चाळीत, लग्न झालं तेही याच चाळीत, म्हणजे बदल काय तो मजल्याचाही नाही. सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्याकडे बढतीची परीक्षा असते, तिला इंग्रजीचा पेपर, आणि त्या पेपरात या उपमा. सिंहासारखा शूर, कोल्ह्यासारखा लबाड. गाळलेली जागा, खाली चार पर्याय. मी त्यातच आपटले होते. म्हणून दर रविवारी दुपारी काकांच्या बाहेरच्या खोलीत भरणाऱ्या वर्गाला जायला लागले. फी नाही, वर चहा. माझ्याबरोबर ऑफिसातले परबही यायचे, थेट घोडपदेवहून.

वर्गाचा नियम एकच. "डोकं चालवायचं नाही."

हे कारकुनांना जमायला हरकत नव्हती, पण आमचं डोकं नेमकं तिथेच चालायचं. काका विचारायचे, "अ‍ॅज क्वाएट अ‍ॅज अ…?" उत्तर उंदीर. परब उसळायचे. "काका, उंदीर आणि गप्प? घोडपदेवला येवा एकदा. आमचे उंदीर कपाट सरकवतत."

"परब, परीक्षेला तुम्ही बसणार आहात, तुमचे उंदीर नाही. माऊस."

थंडपणासाठी पेपरात काकडी असते. मी कुल्फी म्हटलं. पर्यायांत नव्हती, पण मला राहवलं नाही. "कुल्फी थंड नसते का काका?"

"असते ना. मग चौपाटीवर जाऊन खा. परीक्षेला कशाला जातेस?"

चूक त्यांना सोसायची नाही. चुकीचं उत्तर ऐकलं की भातात खडा लागल्यासारखं तोंड करायचे. आणि स्वतः? कुठूनही, कशीही उपमा विचारा, उत्तर तयार. मी तर थक्क व्हायचे, कारण मला या माणसाचा इतिहास ठाऊक होता. काकांचा जन्म गेला कॉटन ग्रीनच्या गोदामात, कापसाच्या गाठी मोजण्यात. 'यस सर' आणि 'नो सर' एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरी काढली. व्याकरण शिकले ते सत्तरी उलटल्यावर. गॅलरीत उभे राहून, ओठ हलवत, शाळकरी पोरासारखं पाठ करताना मी त्यांना पाहिलंय. आमच्या वडिलांना या वयात मोबाईल कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि हे गृहस्थ अख्खं प्राणिसंग्रहालय इंग्रजीतून तोंडपाठ करून बसलेले.

खरं इंग्रजी होतं काकूंचं. त्या दादरला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. खणखणीत आवाज, आणि शाळेइतकाच चाळीतही दरारा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात थोडा सावरला, वाचा मात्र गेली. समोर तांब्या दिसतोय, तहान लागलीय, आणि 'पाणी' हा शब्द काही केल्या सापडत नाही. तो शोधताना त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही.

काकांनी मला या सगळ्यामागची गोष्ट सांगितली, तेव्हा ते गॅलरीत बसून बिरड्यासाठी वाल सोलत होते. एकदा वेळ जाईना म्हणून त्यांनी काकूंचं जुनं गाइड काढलं आणि अडखळत मोठ्याने वाचायला लागले. 'अ‍ॅज बिझी अ‍ॅज अ' इथे गाडी अडली, पुढचं येईना. तर खुर्चीतून आवाज आला, "बी." स्वच्छ, वर्गातला आवाज.

"माझ्या हातातलं गाइड पडलं गं," काका म्हणाले. "दुसरी विचारली, तीही आली. तिसरीही आली. पाणी म्हणता येत नाही, पण पीकॉक म्हणते!"

ते धावत स्पीच थेरपिस्टकडे गेले. त्या बाईंनी शांतपणे समजावलं की हे पाठांतर आहे, जन्मभर घोकून घेतलेलं आपोआप बाहेर पडतंय, याला बोलणं म्हणत नाहीत. करत राहा. पण ज्या दिवशी स्वतःचा एखादा शब्द येईल, मग तो चुकीचा का असेना, त्या दिवशी मला लगेच फोन करा.

म्हणून तो जिना, म्हणून तो वर्ग, म्हणून ते उघडं दार. काकूंच्या कानावर सतत वर्गाची कुजबुज पडावी, कोणी चुकलं तर त्यांच्यातल्या शिक्षिकेला राग यावा, आणि त्या भरात एखादा शब्द सुटावा. आम्ही सगळे बरोबर उत्तरासाठी मरत होतो, आणि आमचे मास्तर चुकीच्या एका उत्तराची वाट बघत होते. काकू मात्र चुकायच्या नाहीत. प्रत्येक बरोबर उत्तराला काका "शाब्बास" म्हणायचे आणि किंचित खचायचे. आता कळल्यावर ते मला दिसायला लागलं. तेव्हापासून मला त्या माणसाबद्दल जे वाटतं त्याला आदर हा शब्द पुरत नाही.

परीक्षेच्या आधीचा रविवार. उजळणी चालली होती. काका एका हाताने शिकवत होते आणि दुसऱ्याने काकूंना मुगाचं कढण भरवत होते. काकूंना ते नको होतं. त्या तोंड फिरवत होत्या, काका चमचा घेऊन तोंडामागे फिरत होते. "एवढा एकच. बरं, हा शेवटचा." शेवटचे बरेच झाले. चमचा तसाच पुढे धरून त्यांनी पुढची उपमा टाकली, "अ‍ॅज स्टबर्न अ‍ॅज अ…?" हट्टीपणासाठी खेचर, म्यूल. काकूंची नेहमीची.

काकूंनी चमच्याकडे पाहिलं. मग काकांकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"श्री… धर."

श्रीधर हे काकांचं नाव. मी या दारासमोर लहानाची मोठी झाले, पण काकूंच्या तोंडून काकांसाठी 'अहो' आणि 'हे' याखेरीज काही ऐकलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका नाव घ्या म्हणून मागे लागायच्या, तेव्हाही त्या उखाणा हसण्यावारी न्यायच्या.

"चूक," काका सवयीने म्हणाले.

आणि मग त्यांना ऐकू आलं. वाटी त्यांनी परबांच्या हातात कोंबली आणि काकूंच्या पुढ्यात फरशीवर बसले. "काय म्हणालीस? परत म्हण."

"श्रीधर," काकू म्हणाल्या. या वेळी सरळ, जरा वैतागून. परब वाटी धरून भिंतीकडे बघत उभे राहिले. मी रडत होते, लपवायचं काही कारणही नव्हतं.

काकांनी मान वळवून मला विचारलं, "वैशाली, पर्यायांत हे होतं का गं?"

"नाही काका."

"मग चुकलं ना?"

"साफ चुकलं."

त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि शेवटी माझ्याकडे दिला. "त्या बाईंना तूच लाव," ते म्हणाले, "मला आकडे दिसत नाहीयेत."