कललेल्या चाकांवरचा इलाज

दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बायकोला सांगितलं की गाडीची पुढची चाकं त्यांना वाकडी करून हवी आहेत. बायको एका शाळेची उपमुख्याध्यापिका होती. सकाळी सकाळी चमत्कारिक विधानं ऐकून घ्यायचा तिला सराव होता.

"आत्ता सरळ आहेत ना?" तिने विचारलं.

"हो. तोच तर त्रास आहे."

"दिवसभर लोकांच्या पोरांचे वाकडे दात सरळ करायचे आणि घरी येऊन सरळ चाकं वाकडी करायची. म्हणजे जगातला वाकडेपणा जेवढ्यास तेवढा."

डॉक्टर हसले नाहीत. या विषयावर ते हसत नसत.

दर महिन्याला एका रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर हौशी मंडळींची मोटारशर्यत व्हायची. नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेकाने आपली गाडी घड्याळ लावून त्या वाटेने न्यायची. शंकू पाडला की दंडाची वेळ वाढायची. क्लबचा एक जुना नियम होता. वर्षअखेर जो तळाला असेल त्याने पुढचं वर्षभर गाडी चालवायची नाही, शंकू मांडायचे. यंदाची एकच शर्यत उरली होती आणि तळाला डॉक्टर होते.

त्यांच्या लगेच वर एक बेकरीवाला होता. तो पाव पोचवायच्या गाडीतूनच शर्यत खेळायचा आणि आतल्या फळ्यासुद्धा काढायचा नाही. डॉक्टरांना त्याच्या पुढे जायचं होतं, बस. पहिलं यायची हाव त्यांना कधीच नव्हती. पण गळ्यात शिट्टी अडकवून आपण मैदानभर शंकू मांडत हिंडतोय आणि बेकरीवाला खिडकीतून हात हलवत बाजूने जातोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"डॉक्टर, मागून सगळं कसं निवांत दिसत असेल ना?" असं तो प्रत्येक शर्यतीनंतर विचारी. डॉक्टर "हो" म्हणत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

तर इलाज एकच होता, सस्पेन्शनचे ॲडजस्टेबल माउंट. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप वर गाडीच्या अंगाला जिथे धरलेला असतो, तिथे एक जाड चकती असते. साधी चकती जन्मभर एका जागी बसून राहते. ही नवी चकती मात्र बोल्ट सैल केले की आत-बाहेर सरकते आणि तिच्याबरोबर चाकाचं डोकं आत कलतं. वळणावर गाडी बाहेर झुकली की असं आधीच कललेलं चाक रस्त्यावर सपाट टेकतं आणि पकड सोडत नाही. डॉक्टरांना हे वाचल्याक्षणी पटलं. थोडा जोर, योग्य दिशा आणि धीर, एवढ्यावरच त्यांचा दवाखाना चालला होता.

गॅरेजवाल्याने दोन प्रकार समोर ठेवले.

"हे रबराचे. घरच्या गाडीला हेच घ्या."

"आणि हे?"

"हे नुसतं लोखंड. हे बसवले तर रस्त्यावर पडलेली प्रत्येक गोष्ट तुम्हाला कळेल."

"कळलेलं चांगलं."

"वहिनींनापण कळेल," गॅरेजवाला म्हणाला.

डॉक्टरांनी विचार केला. शर्यतीची गाडी ती हीच आणि बायको रोज शाळेत जायची तीही हीच. पण रबर दबतं, आणि दबणाऱ्या गोष्टींवर डॉक्टरांचा भरवसा नव्हता. त्यांनी लोखंडाचे घेतले.

सोमवारी शाळेतून आल्यावर बायकोने चावी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "शाळेच्या फाटकाशी एक सुपारी पडलीये. जाताना कळली, येतानापण कळली."

"ॲडजस्टेबल आहेत गं," डॉक्टर म्हणाले.

"मग मीच का ॲडजस्ट करतेय?"

डॉक्टरांनी चाकं कललेलीच ठेवली. खरी भानगड पुढे सुरू झाली.

डॉक्टरांचे सासरे त्यांच्याकडेच राहत. त्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं होतं आणि हाताखाली माणसं ठेवून मोठाल्या भिंती उभ्या केल्या होत्या. हात थकले तरी नजर थकली नव्हती. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी त्यांना जेवण जात नसे. पहाटे फिरून येताना पोर्चमध्ये उभ्या गाडीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी ओळंबा आणून चाकाशी धरला. चाक कललेलं होतं. दुसरंही कललेलं होतं.

आता जावयाला कसं सांगायचं की तुमची चाकं वाकडी आहेत? जावई शिकलेला, त्यातून एवढ्या हौसेने काही नवीन बसवून आणलेलं. उगाच मन दुखवायचं. त्यापेक्षा गुपचूप नीट करून टाकलं तर जावयाची अब्रूही राहील आणि चाकंही. सासऱ्यांनी बॉनेट उघडलं, बोल्ट सैल केले, चकत्या बाहेर सरकवल्या, ओळंबा धरून खात्री केली आणि आत येऊन शांतपणे पेपर वाचायला घेतला.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी माप घेतलं तर चाकं सरळ! त्यांनी ती पुन्हा कलवली. त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा सरळ. डॉक्टरांनी विकणाऱ्याला फोन लावला.

"तुमचे माउंट आपोआप मूळ जागी जातात."

"साहेब, लोखंड आहे ते. त्याला घरची आठवण येत नाही."

"मी स्वतः मोजलंय."

"मग घरात कोणी हात लावतं का बघा."

"आमच्याकडे कोणी तसं नाही," डॉक्टर म्हणाले. समोर सासरे पेपरमधून वर न बघता मान हलवत होते, आमच्याकडे कोणी तसं नाही.

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने पहारा ठेवला असता. पण डॉक्टर दातांचे होते आणि हा आजार त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. तारा काढल्या की दात हळूहळू जुन्या जागेकडे निघतात, त्यांना तिथली ओढ असते. म्हणूनच मागून रिटेनर लावावा लागतो, म्हणजे दाताला जागच्या जागी धरून ठेवणारा पक्का बंदोबस्त. चाकांनाही तेच झालं होतं. निदान झाल्यावर डॉक्टरांना फार हलकं वाटलं.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही चाकं जातील तेवढी आत कलवली, नीट मोजली आणि दातांवर कॅप पक्की करायचं सिमेंट आणायला दवाखान्यात गेले. ते गेलेले पाहून सासरे बाहेर आले. चाकांचा एवढा कल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. अशी भिंत असती तर त्यांनी खालून माणसं हलवली असती. त्यांनी घाईघाईने उजवं चाक सरळ केलं, बोल्ट आवळले आणि ते डावीकडे वळणार एवढ्यात लेकीने हाक मारली, "बाबा, चहा!"

चहा चालू असताना डॉक्टर परत आले आणि कामाला लागले. पुन्हा माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. सारखं सारखं माप घेतलं की पेशंटचा विश्वास उडतो. त्यांनी दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर आणि बोल्टांवर सिमेंट चोपडलं, बारीक तारेने बांधलं, वरून पुन्हा सिमेंट लावलं आणि सवयीने गाडीला म्हणाले, "थोडा वेळ काही खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे डावं चाक उरकायला गेले, तर बोल्ट हलेना. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. माल उत्तम होता, लिंपणही सफाईचं होतं. एवढं पक्कं केलंय म्हणजे जावयाने काहीतरी ठरवलेलं दिसतं, आता आपण मधे पडू नये, असं म्हणून ते आत आले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, गाडी आता डावीकडे वळायला नको म्हणते. उजवीकडे मात्र नुसतं बघितलं तरी वळते."

"सवय होईल. पहिले काही दिवस सगळ्यांनाच जड जातं."

"कोणाला? मला की गाडीला?"

"दोघींना," डॉक्टर म्हणाले. पेशंटच्या आयांना ते असंच सांगत आणि त्या मुकाट घरी जात. बायको घरीच होती.

शर्यतीच्या दिवशी अख्खं घर मैदानावर आलं. बेकरीवाला आधी जाऊन आला. त्याची वेळ नेहमीसारखीच बेताची होती. डॉक्टरांनी ती ऐकली, हेल्मेट चढवलं आणि निघाले. पहिलं वळण उजवं. गाडी असं काही वळली की लोक उठून उभे राहिले. पुढची उजवी वळणंही तशीच गेली. बेकरीवाल्याने खिडकीतला हात आत घेतला. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की मागे कोणीतरी आहे.

मग डावं वळण आलं. वाटेवर डावं वळण ते तेवढंच होतं. डॉक्टरांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ती सरळ गेली. जाताना तिने त्या वळणाचे सगळे शंकू गोळा केले आणि मैदानाच्या कडेपर्यंत नेऊन ठेवले.

शर्यत बघायला आलेल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"डॉक्टर, डावं चाक पार आत आहे आणि उजवं सरळ. असं कोणी सांगितलं बसवायला?"

"दोन्ही आत आहेत. मी मोजलंय."

"उजवं मी केलं सरळ," सासरे मागून म्हणाले. "डावं राहिलं. चहा आला होता."

एक शंकू अजून घरंगळत होता, तो थांबला.

"दर आठवड्याला तुम्हीच करत होतात, बाबा?"

"मग! तुमचं लक्ष नसतं, जावईबापू. कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

"मला सांगायचं तरी."

"छे! जावयाला कसं सांगणार?"

डॉक्टरांना यावर रागावता येईना. सासऱ्यांवर रागवायचं कसं, हे त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं, "निघेल का हे?"

"हे? हे काढायचं तर पत्रा कापावा लागेल. काय लावलंय काय?"

"पंधरा-वीस वर्षं टिकतं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

"द्या इकडे चावी," बायको म्हणाली. "मी घरी निघाले."

बाहेर पडायचं फाटक मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतं आणि रस्ता शंकूंमधूनच जात होता. बघायला आलेल्या पोरांनी शंकू परत उभे केलेच होते. ती निघाली तशी क्लबच्या सेक्रेटरींनी सवयीने घड्याळ चालू केलं. उजवी वळणं तिने शाळेला उशीर झाल्यासारखी घेतली. डाव्या वळणाशी येताच तिने गाडीला आधी उजवीकडे हूल दिली. डावीकडे जायचं तिच्या मनातही नाही असं गाडीला वाटलं, आणि ती बेसावध असतानाच बायकोने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी मागून सर्रकन फिरली आणि डावीकडे गेली. एकही शंकू हलला नाही. ती फाटकाबाहेर पडली आणि वडील मैदानावरच राहिलेत हे आठवून परत आली.

सेक्रेटरींनी घड्याळ झटकून पाहिलं, मग कानाला लावून पाहिलं. एवढी चांगली वेळ त्यावर कधी उमटली नव्हती.

"वहिनी, हे कुठे शिकलात?"

"आठवडाभर हिला घेऊन शाळेत जातेय. नववी ब सारखीच आहे. डावीकडे वळ म्हटलं की वळत नाही. तिकडे जायला बंदी आहे असं वाटलं की लगेच जाते."

सेक्रेटरी क्षणभर घुटमळले. "पुढच्या वर्षी याल का? म्हणजे, एक जागा रिकामी झालीच आहे." हे बोलताना त्यांनी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं.

नव्या वर्षात डॉक्टर शंकू मांडू लागले. पहिल्याच शर्यतीच्या सकाळी बायको चहा घेताना म्हणाली, "ती हूल देताना खांदा भरून येतो हो."

"बघतो," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मांडलेले शंकू पाहून बेकरीवाला गाडीतून खाली उतरला. "डॉक्टर, सगळी वळणं उजवीकडेच?"

"हो."

"डावीकडे एकपण नाही?"

"जागा पुरली नाही."

बेकरीवाल्याने क्षितिजापर्यंत पसरलेल्या मोकळ्या मैदानाकडे बघितलं, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गाडीत जाऊन बसला. वर्षभर मैदानात जागेची अशीच टंचाई राहिली. वर्षअखेर उपमुख्याध्यापिका पहिल्या आल्या आणि तळाला बेकरीवाला गेला. नियमाप्रमाणे शंकू आणि शिट्टी त्याच्या हवाली झाली आणि डॉक्टर मोकळे झाले. पण चावी बायकोकडे होती, आणि तो विषय निघाला की ती वह्या तपासायला घेई.

मग पुढच्या हंगामातला पहिला रविवार उजाडला. डॉक्टर प्रेक्षकांत खुर्ची टाकून बसले होते. बेकरीवाल्याने जिवापाड मेहनत घेऊन वाट आखली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी वळणं डावी होती.

बायकोने गाडीतूनच मैदानावर एक नजर फिरवली. मग हेल्मेट काढलं, खाली उतरली आणि चावी डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "किती दिवस मागे लागला होतात ना."