डोंगराखालची जाडी

डोमाजी मास्तरांच्या घरी जायचं तर चपला अंगणाबाहेर काढाव्या लागत आणि पुढे मांजराच्या पावलांनी चालावं लागे. देवघरासाठी नव्हे, आतल्या खोलीतल्या दगडासाठी. "हळू जी मास्तर, जमीन हालून राह्यली!" ते मला खिडकीतूनच ओरडून सांगत.

नागभीडच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी गणित. त्यांनी घरीच भूकंप टिपायचं यंत्र बनवलं होतं. फाटकासारखा आडवा झुलणारा लोखंडी दांडा, टोकाला वजनासाठी जात्याची दगडी पाळ आणि काजळी धरलेल्या कागदावर ओरखडे काढणारी सुई. त्या यंत्राने मुख्यतः शेजारच्या सखुबाईंचं मुसळ टिपलं. "पहाटे कांडत नका जाऊ बाई," मास्तर हात जोडत. त्यावर सखुबाई म्हणत, "मी धान कांडून राह्यली जी, भूकंप नाई करून राह्यली!"

भेटेल त्याला ते एकच गोष्ट समजावत. पृथ्वीचं कवच सगळीकडे सारखं नाही. समुद्राखाली पातळ, हिमालयाखाली जाड. वरवर धावणारी भूकंपाची लाट पातळ कवचातून झपाट्याने येते, जाड कवचात रेंगाळते. "सडकेवरची बैलबंडी न् धानाच्या बांधीतल्या चिखलातली बंडी, दोन्ही सारख्याच येतीन का? सांगा!" बाजारात वांगी घेतानाही हे चाले. वांगेवाली बिचारी "नाई येत जी" म्हणून मोकळी होई.

त्यांना वेडा म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण हिशेबात त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. उत्तर आधी बघून मागून आकडे जुळवणाऱ्या पोराला ते सरळ वर्गाबाहेर काढत.

यमू ही त्यांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली, तिच्या वेण्यासुद्धा मास्तरांनीच घातल्या. जावई रेल्वेत कारकून. त्याची आसामात बदली झाली आणि यमू तिकडे गेली.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ती सुई कागदाबाहेर गेली. मग पेपरात आलं, आसामात मोठा भूकंप. यमूचं पत्र नाही, मास्तरांच्या तारेला उत्तर नाही. ते शाळेत यायचे थांबले.

दहाव्या दिवशी पोस्टमास्तरांनी एक तार माझ्या हातात ठेवली. "तुमीच सांगा जी, मले नाई होत." तार जावयाची होती. घर कोसळलं होतं आणि यमू त्याखाली गेली होती. ती तार खिशात घालून मी मास्तरांकडे गेलो.

ते जमिनीवर कागद पसरून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. "हे तपासून द्या जी," ते म्हणाले. "भूकंप यमूच्या गावाले झालाच नाई. दोनशे मैल इकडेच झाला."

मी हिशेब पाहिला. लाटेला इथवर यायला लागलेला वेळ खरा होता. वाटेतल्या डोंगराखालच्या कवचाची जाडी मात्र त्यांनी खोडून खोडून वाढवली होती. तीस मैल, पन्नास, सत्तर. जाडी वाढली की लाट मंद, आणि मंद लाट तेवढ्याच वेळात थोडंच अंतर कापणार. म्हणजे भूकंप आपल्याकडे सरकतो, यमूपासून लांब जातो. रोज थोडा डोंगर जाड करून हा माणूस भूकंप लेकीपासून दूर ओढत होता. मला रडू आवरेना, म्हणून मी मान खाली घालून आकडे पुन्हा तपासले.

"अजून पाच मैल जाडी धरली तं चालन का जी?" त्यांनी विचारलं.

माझा हात खिशातल्या तारेवर होता.

"चालेल," मी म्हणालो. "दहा धरा."