साळूबाईचा एकवीस नंबर

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण लॉटरी पोचली होती, एक साळूबाई राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, बाळांनो. अंगभर काटे. पण काटे अंगावर असले म्हणजे ते स्वभावातही असतात असं नाही. आणि याच्या उलटही तुम्ही पाहिलंच असेल.

साळूबाईचं बीळ ओढ्याच्या काठाला होतं. दर पावसाळ्यात ओढा न विचारता घरात यायचा. गेल्या वर्षी तर त्यानं तिच्या धाकट्या पिल्लाला पार करंजाच्या मुळापर्यंत नेलं. पिल्लू सापडलं, पण तेव्हापासून त्याला जो खोकला धरला तो काही गेला नाही. साळूबाईनं तेव्हाच मनाशी ठरवलं, पुढचा पावसाळा या बिळात काढायचा नाही.

टेकडीवर एक बीळ रिकामं होतं. कोरडं, उंच, तोंड पूर्वेला. ते घूसशेठचं. घूसशेठची जंगलात बरीच बिळं होती. एक राहायला, बाकीची आहेत म्हणून सांगायला.

"पाच मडकी मध," घूसशेठ म्हणाले.

"भाड्यानं नाही का देणार?"

"भाडेकरू बिळं उकरतात हो, साळूबाई."

साळूबाईकडे मध नव्हता. व्रतं होती. सोमवार होता, संकष्टी होती, आणि चातुर्मासात कंद वर्ज्य होते. साळिंदरानं कंद सोडायचे म्हणजे काय, ते साळिंदरालाच ठाऊक. तिचा नवरा साळोबा म्हणायचा, "तू उपास करतेस आणि फराळ मी करतो. दोघांना मिळून पुण्य किती लागतं कोण जाणे."

अशात तरसानं लॉटरी काढली.

पळसाच्या पानाचं तिकीट. किंमत ओंजळभर मोहाची फुलं. एक ते शंभरमधला कुठलाही आकडा सांगा, तेवढी भोकं पानाला पाडून मिळतील. पौर्णिमेला मडक्यातून एक गोटी निघेल. ज्याचा आकडा, त्याला चाळीस मडकी मध. एकाच आकड्याचे दोघे निघाले तर दोघांत वाटणी. तरस हे सगळं हसत हसत सांगायचा. तरस हसतोच, बाळांनो. त्यात लपवाछपवी काही नव्हती.

कुठला आकडा घ्यावा याचा साळूबाईला विचारच करावा लागला नाही. उंबराखाली शेंदूर लावलेला गणपती होता. त्याला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. तिनं एकवीस नंबर घेतला, तिकीट देवापुढे ठेवलं आणि हात जोडले.

"देवा, टेकडीवरचं बीळ मिळू दे. एकवीस संकष्ट्या निर्जळी करीन. चंद्र बघितल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही."

इथपर्यंत सगळं व्यवस्थित झालं. मग ती परत येताना वाटेत मुंगूसवहिनी भेटल्या.

"काय साळूबाई, चेहरा उजळलाय आज."

"काही नाही हो, देवाला जाऊन आले."

"तिकीट घेतलंत ना? कितीचं?"

आता साळूबाई खोटं बोलू शकत नव्हती, त्या दिवशी सोमवार होता. शिवाय मुंगूसवहिनींनीच गेल्या वर्षी पुरात पिल्लू शोधायला रात्रभर हाका मारल्या होत्या. तिनं सांगितलं. आणि वर म्हणाली, "तुम्हीही घ्या वहिनी. देवाचा आकडा आहे. मला एकटीला चाळीस मडकी काय करायचीत? मला पाच पुरेत."

"मी कुणाला बोलायची नाही हं," मुंगूसवहिनी म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळं जंगल तरसाच्या दारात रांगेत उभं होतं, आणि तरस एकवीस-एकवीस भोकं पाडून थकला होता.

साळोबाला हे कळलं तेव्हा त्याचे सगळे काटे एकदम उभे राहिले. "अगं, आकडा सांगितलास? साऱ्या जंगलाला? आता लागली तरी काय, बोटभर मध येईल. टेकडीवरच्या बिळाची पायरीसुद्धा येणार नाही त्यात."

आत पिल्लू खोकत होतं.

दुसऱ्या दिवशी ती घुबडमास्तरांकडे गेली. मास्तर दिवसा झोपत आणि हिशोबाचं कुणी विचारलं तर एक डोळा उघडत.

"मास्तर, सगळ्यांनी एकच आकडा घेतला तर तो यायची शक्यता वाढते का हो?"

"नाही. शंभरात एक. तू एकटीनं घेतलास तरी शंभरात एक, सगळ्यांनी घेतला तरी शंभरात एक."

"मग कमी तरी होते का?"

"कमीही होत नाही. शक्यता वाटून कमी होत नसते. मडकी होतात." मास्तरांनी दुसराही डोळा उघडला. "शहाण्यानं त्र्याहत्तर घ्यावा. यायची शक्यता तेवढीच, आणि वाटेकरी कुणी नाही."

"पण त्र्याहत्तरचा देव कोण?" साळूबाईनं विचारलं.

मास्तरांनी दोन्ही डोळे मिटले.

इकडे नवीनच उद्योग सुरू झाला. जंगलात आजवर साळूबाईखेरीज कुणी नवस बोललेला नव्हता. आता प्रत्येकालाच बोलायचा होता, आणि तो कसा बोलतात हे फक्त साळूबाईला माहीत होतं. जो तो तिच्याकडे यायला लागला.

ती सगळ्यांना मनापासून सांगायची. "देवाशी मोघम बोलू नये. लॉटरी लागली तर अमुक करीन, असं स्वच्छ म्हणावं. मनातल्या मनात पुटपुटू नये, चार जणांत मोठ्यानं म्हणावं. म्हणजे पुढे आपल्यालाच पळवाट राहत नाही."

मग काय विचारता. चाळीस मडकी डोळ्यांपुढे असली की जीभ फार उदार होते. अस्वल म्हणालं, "लॉटरी लागली तर दर आठवड्याला एक पोळं दुसऱ्यांसाठी सोडीन." कावळ्यानं उजाडेपर्यंत तोंड न उघडण्याचा नवस केला. वाघोबा स्वतः आले. सगळे चार पावलं मागे सरकले. वाघोबा म्हणाले, "लागली तर सोमवारी शिकार करणार नाही," आणि हरणांच्या कळपानं त्या क्षणी इतक्या भक्तिभावानं हात जोडले की देवालाही नवल वाटलं असेल.

शेवटी घूसशेठ आले. त्यांना गर्दी लागायची, म्हणून ते गर्दी जमेपर्यंत थांबले होते. "देवा, मला लॉटरी लागली तर टेकडीवरचं बीळ एखाद्या गरजू कुटुंबाला फुकट देऊन टाकीन. कायमचं." एवढं बोलून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मुंगूसवहिनी म्हणाल्या, "मन मोठं हो शेठचं." शेठ म्हणाले, "आपलं काय, देवाचंच आहे सगळं." चाळीस मडकी मिळाल्यावर त्यांना धबधब्याजवळची गुहा घ्यायची होती. मग त्या बिळाकडे बघणार कोण?

लॉटरी निघायच्या आधीच जंगलाचं राहणीमान सुधारलं, बाळांनो. अस्वलानं मध गोळा करणं बंद केलं. घूसशेठ नमस्काराला नमस्कार करीनासे झाले. साळोबासुद्धा, बायकोवर रागावलेला असूनही, हात मागे बांधून टेकडीकडे फेऱ्या मारायला लागला. बिळात नाही जायचा. नुसता बाहेरून बघून यायचा.

पौर्णिमा आली. तरसानं मडकं हलवलं. एका खारीच्या पिल्लाचे डोळे बांधले आणि त्याला गोटी काढायला लावली.

एकवीस.

तुम्हाला वाटेल आता आनंदाचा कल्लोळ झाला असेल. झाला. पण कुणी कुणाचं अभिनंदन करायचं ते कळेना, कारण ज्याच्याकडे पेढा मागायला जावं तोही जिंकलेला. मत्सर करायला माणूस उरलं नाही, म्हणजे जनावर उरलं नाही. जिंकण्यातली निम्मी गंमत तिथेच संपली. उरलेली निम्मी वाटणीत संपली. प्रत्येकाला पळसाच्या पानाच्या टोकावर जरासा मध मिळाला. जीभ ओली झाली. गोड झाली असं शपथेवर सांगता आलं नसतं.

घुबडमास्तरही पान घेऊन रांगेत होते.

"मास्तर, तुमचं त्र्याहत्तर ना?" साळोबानं विचारलं.

"एकवीसही घेतलं होतं," मास्तर म्हणाले. "प्रयोग म्हणून."

साळूबाईनं आपल्या वाटणीचा मध पिल्लाला चाटवला. खोकल्याला बरा असतो. टेकडीकडे तिनं पाहिलं नाही. सांगायला नको होतं, तिला वाटलं. एकदा तोंड मिटून घेतलं असतं तर पिल्लाला कोरडं घर मिळालं असतं.

आणि तेवढ्यात सगळे तिच्यावरच उलटले.

"हिच्यामुळे झालं," अस्वल म्हणालं. "आकडा वाटत सुटली."

"आणि देव तरी कसला हो," घूसशेठ म्हणाले. "मागितलं काय, दिलं काय. असल्या देवाला शेंदूर तरी कशाला?"

साळूबाईला स्वतःला बोललेलं चाललं असतं. सवय होती. पण देवाला बोललेलं तिला लागलं. ती हळूच पुढे आली. तिचा आवाज तसा बारीकच होता.

"शेठ, तुम्ही देवाला काय म्हणाला होतात?"

"काय म्हणालो होतो?"

"लॉटरी लागली तर. लागली की नाही?"

"अहो, ही काय लागली म्हणायची?"

"तुमचाच आकडा आला ना?"

शेठनी हातातलं तिकीट पाठीमागे नेलं.

"देवानं त्याचं केलं," साळूबाई म्हणाली. "आता आपलं राहिलं. नाही फेडलात तरी तो काही करणार नाही, तो फार सोसतो. पण मग पुढच्या खेपेला त्याच्याकडे कुठल्या तोंडानं जायचं, एवढंच मला वाटतं."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, बाळांनो. खरंच नव्हतं. टेकडीवरचं बीळ तर त्या क्षणी ती विसरूनच गेली होती. पण मुंगूसवहिनी विसरल्या नव्हत्या.

"शेठ," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा तो बिळाचा नवस होता नाही का? मी अगदी शेजारीच उभी होते."

"माझ्या मनात चाळीस मडकी होती," घूसशेठ घाईनं म्हणाले. "चाळीस लागली तर, असं होतं मनात."

"मनातलं देवाला कळत असेल. आम्ही आपलं बोललेलं ऐकलं."

"आम्हीही," हरणं म्हणाली. त्यांना मनापासून वाटत होतं की आज कुणीतरी नवस फेडायला सुरुवात करावी.

शेठनी वाघोबांकडे पाहिलं. राजाच म्हणेल की हे सगळं रद्द. वाघोबा बराच वेळ मिशी चाटत बसले. मग त्यांनी एक उसासा टाकला.

"उद्या काय वार?" त्यांनी विचारलं.

"सोमवार, महाराज."

"मग उद्या मला कुणी उठवू नका," वाघोबा म्हणाले आणि गुहेत निघून गेले.

राजाच फेडतो म्हटल्यावर बाकीच्यांना काय इलाज? अस्वलानं रडत रडत एक पोळं सोडलं. कावळा पहाटे चोच मिटून बसला आणि जंगलाला कितीतरी वर्षांनी पहाटेची झोप लागली. सगळे साळूबाईच्या बिळापाशी जमले तेव्हा घूसशेठनी फक्त एकच प्रश्न काढला, "पण गरजू कुटुंब ठरवणार कोण?" तेव्हा आतून पिल्लू खोकलं. त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. सगळे नुसते साळूबाईचं सामान उचलायला लागले. सामान थोडं होतं, पण तिच्या काट्यांमुळे जरा लांबूनच उचलावं लागलं.

तरसानं दुसऱ्याच दिवशी पुढची लॉटरी जाहीर केली. तिकिटं पुन्हा खपली. उंबराखाली पुन्हा गर्दी झाली. पण या वेळी जो तो एकटा येत होता, देवाच्या अगदी कानाशी लागून पुटपुटत होता आणि मागे कुणी उभं नाही ना हे बघून जात होता. घूसशेठनी तर नवसच केला नाही. आम्ही नास्तिक, म्हणाले.

संकष्टीला साळूबाई टेकडीवरच्या बिळाच्या तोंडाशी बसली होती. दिवसभर पाणी नाही, ओठ सुकलेले. शेजारी साळोबा फराळ संपवून बसला होता. तिन्ही पिल्लं आत झोपली होती आणि बराच वेळ कुणी खोकलं नव्हतं. तेवढ्यात समोर चंद्र वर आला.

"बघ," साळोबा म्हणाला, "इथे लवकर उगवतो. खाली असताना तू किती ताटकळायचीस."

"तो तेव्हाच उगवतो हो," साळूबाई पाण्याचा द्रोण उचलत म्हणाली. "आपणच खाली होतो."

तात्पर्य : लॉटरीचं तिकीट घ्यायला हरकत नाही. फक्त आपला आकडा शेजारणीला अवश्य सांगावा, तिनं कुणाला सांगायचं नाही असंही तिला बजावावं, आणि घरमालक नवस बोलायला जाईल तेव्हा त्याच्या मागोमाग जाऊन जरा जवळच उभं राहावं.