भिंतीवरची सरूबाई

बाळांनो, चुळबुळ थांबवा, नाहीतर सांगणार नाही. एका जंगलात रंभाजी नावाचा साळिंदर राहायचा. आपल्याच काट्याने तो बिळाच्या भिंतींवर चित्रं काढायचा.

जिवंत होता तोवर शेजारी म्हणायचे, "कामधंदा नाही मेल्याला, भिंती विद्रूप करतो." तो वारला, आणि परमुलखातला एक हंस बीळ बघून म्हणाला, "अप्रतिम!" मग काय विचारता! जंगलातला जो तो रंभाजीचा बालमित्र निघाला.

त्याच्या बायकोचा, सरूबाईचा, जीव मात्र एकाच चित्रात होता. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. माफी मागायची सोडून पठ्ठ्याने तिचा फुगलेला चेहराच भिंतीवर काढला. रोज सकाळी ती त्या चित्रापुढे उभी राहून म्हणायची, "नाक काही माझं असं नाही हो," आणि कामाला लागायची.

एक दिवस कोल्हेसाहेब आले. स्मारक समितीचे अध्यक्ष. म्हणाले, "वहिनी, हे घर आता जंगलाचा ठेवा. तुम्ही जांभळीखाली राहा."

सरूबाई म्हणाली, "राहीन. पण भिंतींना कुणी हात लावायचा नाही."

"छे छे! डोळ्यांत तेल घालून जपू."

उद्घाटनाला सिंहमहाराज येणार होते. आणि त्या जंगलाचा रिवाज असा, की महाराज येणार तिथे आधी चुना. झाडांना चुना, दगडांना चुना. मागे एक कासव वाटेत झोपलं होतं, त्यालाही दोन हात मारले होते. हुकूम कुणी द्यावा लागत नसे. माकडं चुन्याची बादली घेऊन आपणहून निघत.

सकाळी सरूबाई बिळात शिरली. भिंती पांढऱ्याफटक! तिला रडूच कोसळलं.

"अहो, चित्रं कुठायत?"

मुकादम माकड अभिमानाने म्हणालं, "लई डाग होते बाई. तीन तीन हात दिले, तेव्हा गेले."

इतक्यात महाराज आले. फीत कापली. कोऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "वा! काय शांतता आहे या चित्रात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हंसानेसुद्धा.

सरूबाई डोळे पुसत पुढे झाली. "महाराज, जपायचं ते तर गेलं. निदान माझं घर तरी परत द्या."

कोल्हेसाहेब गोड हसले. "असं कसं वहिनी? आत्ताच तर जतन झालंय. तुम्ही या ना, दहा ते पाच उघडं असतं. सोमवारी बंद."

तात्पर्य: बाळांनो, भिंतीवर रेघोट्या खुशाल मारा, पण वाईटच मारा. वाईट आल्या तर आई एक धपाटा घालेल. चांगल्या आल्या, तर आईला घर सोडावं लागेल.