उरलेला डोळा

आमच्या जोहे गावात कुणी भेटलं की आधी "जेवलास का?" विचारतात. दत्तूदादा म्हात्रे मात्र भेटल्या भेटल्या मान खाली घालतात, उजव्या कानावरचे विरळ केस बाजूला सारतात आणि म्हणतात, "हात लावून बघ." तिथे कवटीला बोटभर रुंदीची एक खाच आहे. तिच्यावरून बोट फिरवल्याशिवाय सुटका नाही. माझं औषधाचं दुकान त्यांच्या कारखान्याला लागून, त्यामुळे ती खाच मी कितीदा तपासली असेल ते सांगता येणार नाही. ती आहे तिथेच आहे.

खाच बघून झाली की पुढचं वाक्य ठरलेलं. "तीन म्हैने माजा डोसका पोटात होता!" नवखा माणूस इथे दोन पावलं मागे सरकतो. गोष्ट खरी आहे, पण ती नीट सांगायला पाहिजे.

दादांचा गणपतीचा कारखाना. आमच्याकडे साचे भरणारे, रंग मारणारे पुष्कळ मिळतात, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात एखादाच. बुबुळ केसभर सरकलं तरी बाप्पा रागावलेला दिसतो. पंचवीस वर्षं दादांच्या कारखान्यात एकाही मूर्तीचे डोळे दुसऱ्या कुणी आखले नाहीत. त्यांच्या पत्नी मंदावहिनी पाट, पितांबर आणि उंदीर रंगवायच्या. एकदा त्यांनी हौसेने बारीक ब्रश उचलला, तर दादा म्हणाले, "तू उंदराचा डोळा बघ गो." वहिनींनी ब्रश खाली ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही.

अशाच एका श्रावणात मंडळाच्या सात फुटी मूर्तीच्या भुवया आखताना दादा स्टुलावरून पडले. डोक्यात उजव्या बाजूला रक्त साकळलं, मेंदूला सूज आली. पनवेलकडच्या डॉक्टरांनी रक्त काढलं. सुजलेल्या मेंदूला जागा हवी म्हणून कवटीचा पंजाएवढा तुकडा काढला, आणि तो चांगला राहावा म्हणून दादांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिला. सूज उतरल्यावर, तीन महिन्यांनी, तो परत जागेवर बसवायचा होता. मधल्या काळात डोक्याला धक्का लागू द्यायचा नव्हता. दादा क्रिकेटचं हेल्मेट घालून हिंडायचे. पुतणीच्या हळदीलाही ते हेल्मेट घालूनच पहिल्या रांगेत बसले. बायकांनी हळद हेल्मेटला लावली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मूर्तीला काय लागला नाय ना?" हे ते अजूनही छाती फुगवून सांगतात.

तुकडा बसला, टाके निघाले. ऑपरेशन यशस्वी झालं असं डॉक्टर म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. दादा चालत होते, बोलत होते, उधारीवाल्यांना नावानिशी ओळखत होते. फक्त जगाची डावी बाजू हरवली होती. डोळे शाबूत, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नव्हता. डॉक्टरांनी वहिनींना हे समजावलं होतं. दादांना पटवणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

ते दाढी अर्ध्या गालाची करायचे आणि न्हाव्यापेक्षा आपला हात चांगला म्हणायचे. जेवायला बसले की ओरडायचे, "चटणी नाय, मीठ नाय, लिंबू नाय! डोसक्यासंगती माजी जीभ पन काढली काय डॉक्टरनी?" आपल्याकडे चटणी, मीठ, लिंबू ताटात डावीकडे वाढतात. वहिनी मुकाट्याने ताट अर्धं फिरवायच्या. चटणी समोर आली की दादा म्हणायचे, "हां, आता कशी वाडलीस!"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग सीझन आला. दादा सकाळी कारखान्यात बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी रांगेतल्या सगळ्या मूर्तींचे डोळे आखले. ब्रश धुतला, म्हणाले, "झाला." आम्ही बघितलं. प्रत्येक मूर्तीचा एकच डोळा आखलेला होता. त्यांच्या डाव्या हाताला येणारा डोळा सगळीकडे कोरा. आखलेला डोळा असा, की बघून हात जोडावेत. मी माणसं आजारी पडण्यावर जगणारा माणूस, माझं काळीज तसं घट्ट आहे, पण त्या दिवशी मला तिथे उभं राहवेना.

वहिनी म्हणाल्या, "बरा झाला. जेवून पडा घडीभर."

दादा घोरायला लागल्यावर वहिनींनी तो बारीक ब्रश उचलला. पहिला डोळा आखायला त्यांना तासभर लागला. एक बिघडला, पुसला, पुन्हा आखला. पुढच्या वर्षी त्यांना दहा मिनिटं पुरायला लागली. एकदा मूर्ती आडवी वळवताना दादांच्या हे लक्षात आलं तेव्हा आता आभाळ कोसळणार असं मला वाटलं. दादा एवढंच म्हणाले, "तुजी भुवई शेवटाला जाड होते गो." त्यानंतर उघड उघड तीच पद्धत पडली. एक डोळा दादांचा, एक वहिनींचा.

दादांनी मग दुसरा उद्योग काढला. रोह्यापासून पेणपर्यंत कुणाच्या डोक्याचं ऑपरेशन ठरलं की हे न बोलावता हजर. वरसे गावच्या माझ्या मामांच्या मेंदूतली गाठ काढायची होती. मामा भीतीने कुणाशी बोलेनात. दादांनी एसटीने जाऊन त्यांच्या पुढ्यात डोकं घातलं. "हात लावून बघ. माजा तर पोटात ठेवला होता, तुजा निदान जाग्यावर ऱ्हाईल." मामा हसले. निघताना दादांनी मामींना बाजूला घेतलं. "ऑपरेशन डॉक्टर करतील. मंग घरी आल्यावर तो काय बघतो, काय बघत नाय, ते तू बघ गो. त्याला सोताला कळत नाय." दादांना ते कळलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

यंदा आषाढात मी त्यांच्या फिटच्या गोळ्या द्यायला कारखान्यात गेलो. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले. वहिनी मागे विहिरीवर होत्या. दादा एका मूर्तीसमोर पाठमोरे बसले होते. त्यांनी उजवीकडचा डोळा आखला. मग मान जराही न वळवता ब्रश डावीकडे नेला आणि दुसरा डोळा आखला. भुवई, पापणी, बुबुळ, सगळं जिथल्या तिथे. पडण्याआधी आखायचे तसा.

"दादा, तुम्हाला दिसतं?"

ते दचकले नाहीत. "दोन वर्सं झाली. मान फिरवायचे व्यायाम करून करून आला हळूहळू."

"मग वहिनींना सांगा की! केवढा आनंद होईल."

"व्हय. आनंदानं रडंल. आनि दुसऱ्या दिवशी परत उंदीर रंगवायला बसंल." त्यांनी ब्रशचं टोक ओठांनी सारखं केलं. "तिचा हात माज्यापेक्षा बरा हाय रे. पंचवीस वर्सं मी तिला आखू दिला नाय."

हा माणूस आपल्या डोक्याची गोष्ट अख्ख्या तालुक्याला सांगत हिंडला आणि त्यातली सगळ्यात मोठी बातमी दोन वर्षं गिळून बसला होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काही केलं नाही.

मागच्या दाराशी कळशी ठेवल्याचा आवाज आला. दादांनी ओलं फडकं उचललं, डावीकडचा डोळा हलक्या हाताने पुसून काढला आणि हाक मारली, "मंदा, माजा झाला गो! तुजा घे!"

वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. ब्रश रंगात बुडवला. दादा एकटक त्यांच्या हाताकडे बघत होते.